गुडघ्यापुरतं बोला

“आजी, आज आपण गुडघ्यापुरतं बोलू या.”

डॉक्टर हे सौम्यपणेच म्हणाले. आवाजात चीड नव्हती. घाई होती, ती दारापलीकडे ताटकळलेल्या माणसांची. आत्या खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. मांडीवर फायलींची पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तिनं नुकतंच एक वाक्य सुरू केलं होतं, “रात्री लघवीला उठते ना, तेव्हा...” ते तिथंच तुटलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणाली, “बरं. चढताना दुखतो. उतरताना जास्त.” पुढं सगळं रीतसर झालं. गुडघा वाकवून झाला, त्यातली करकर हाताखाली अजमावून झाली, एक्स-रे उजेडासमोर धरून झीज कुठं आहे ते बोटानं दाखवून झालं. डॉक्टर जे बोलले त्यात काहीही चुकीचं नव्हतं. तरी परतताना मला एकच गोष्ट टोचत राहिली. त्या वाक्यात पुढं काय होतं?

रात्री तिच्या पायाशी बसून विचारलं. आधी “काही नाही गं” झालं. मग ती सांगायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की हे वाक्य तिनं मनात कितीदा तरी जुळवून ठेवलेलं आहे. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. झोपेतून उठताना गुडघा लगेच सरळ होत नाही, म्हणून पलंगाचा काठ धरून आधी नुसतं उभं राहायचं. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. ती ओसरली तरी धड दिसत नाही, कारण डोळ्यांत मोतीबिंदू. आणि दिवा लावला तर उजेड असा फाकतो की डोळे मिटावेसे वाटतात. तळपाय बधिर, त्यामुळे जमिनीवर पाऊल पुरतं टेकलं की नाही ते कळत नाही. आणि या सगळ्यात थांबायला सवड नाही, कारण लघवी धरवत नाही. “त्या वेळी गुडघा दुखतो,” ती म्हणाली. “तेव्हाच त्याची भीती वाटते. एरवीचं दुखणं मी सोसते.”

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची ती जेमतेम दहा-बारा पावलं. दिवसा तिच्या गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, साखरेचे वेगळे, हृदयाचे वेगळे. रात्री त्या दहा पावलांत सगळे आजार एकमेकांना भेटतात, आणि तिथं तिच्याबरोबर कुणीच नसतं.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेले. एकाच माणसाला दोन किंवा अधिक जुनाट आजार असणं याला वैद्यकात मल्टिमॉर्बिडिटी म्हणतात. स्कॉटलंडमधल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात पासष्टीपर्यंत पोचलेल्या बहुतेकांना एकाहून अधिक आजार होते. म्हणजे आत्या अपवाद नाही, तीच नियम आहे. त्याच अभ्यासात दुसरंही एक होतं, जे मला जास्त लागलं. सगळ्यात गरीब वस्त्यांमध्ये ही अवस्था श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षं आधी येत होती. म्हातारपण सगळ्यांना येतं म्हणतात. पण ते कुणाला कधी गाठतं, यातही एवढी तफावत.

आत्याच्या गोळ्यांचा डबा मी दुसऱ्या दिवशी उघडला. डब्याशेजारी एका पिशवीत सुट्या पट्ट्या होत्या, काही अर्ध्या कापलेल्या, नावाचा भागच कापून गेलेल्या. त्यात दुखण्यावरच्या गोळीच्या चार पट्ट्या निघाल्या. “लागली तर घ्या” असं कुणीतरी कधीतरी सांगितलेली ही गोळी, ती रोज लागत होती. हे तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. प्रत्येक जण विचारतो, “आपल्या गोळ्या चालू आहेत ना?” आणि ती खरं तेच सांगते, “हो, चालू आहेत.” दुसऱ्यांच्या गोळ्यांचा विषय तिथं निघत नाही.

या एका गोळीचा माग काढला तर त्या रात्रीच्या दहा पावलांतली बरीचशी पावलं उलगडतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची वेदनाशामकं ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांना अडवून दुखणं कमी करतात, तीच द्रव्यं मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायला मदत करत असतात. म्हातारपणी, त्यातून बीपी आणि साखर असलेल्या माणसात, मूत्रपिंडाचा या द्रव्यांवर जास्तच भार असतो. ती अडली की शरीरात मीठ आणि पाणी साठतं. बीपी वर जातं, पाय सुजतात. वाढलेलं बीपी पाहून गोळी वाढते. ती अ‍ॅम्लोडिपिन असेल तर तिनंही घोट्याला सूज येते, आणि ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळं आलेली नसते, तर बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरून आलेली असते. सूज दिसली की लघवी वाढवणारी गोळी येते. पायातलं पाणी दिवसभर खाली उतरलेलं असतं. रात्री आडवं झालं की ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायच्या मागे लागतात. म्हणून सुजलेल्या पायांची माणसं रात्री जास्त उठतात. लघवीच्या गोळीनं रक्तातलं सोडियम आणि पाणी कमी होतं, उभं राहिलं की बीपी घसरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. शिवाय बीपीची ठरावीक जातीची गोळी, लघवीची गोळी आणि हे वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडच अचानक बसण्याचा धोका असतो. मूत्रपिंड मंदावलं की साखरेची काही औषधं अंगात रेंगाळतात आणि साखर भलत्या वेळी खाली येते. जुन्या घरात एका खोलीत खिळा ठोकावा आणि पलीकडच्या खोलीतला गिलावा पडावा, तसं हे आहे. आणि पलीकडच्या खोलीत जो उभा असतो त्याला ठोकण्याचा आवाज ऐकू आलेला नसतो.

औषधाचा परिणाम हाच नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं जाणं, या साखळीला पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या दोन संशोधकांनी नव्वदच्या दशकात ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असं नाव दिलं. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनं हात थरथरू लागतात आणि कंपवाताचं औषध सुरू होतं. स्मृतिभ्रंशावरच्या डोनेपेझिलनं लघवी धरवेनाशी होते आणि त्यावर असं औषध येतं, जे स्मृतीलाच आणखी मंद करतं. साखरेवरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानं तळपाय बधिर होतात, आणि ते बधिरपण साखरेच्याच खात्यावर मांडलं जातं, कारण साखरेनंही पाय बधिर होतातच. आजार आणि औषध यांचा चेहरा एकसारखा होऊन जातो, ही यातली खरी अवघड गोष्ट. कुणीही निष्काळजी नसताना हे घडतं.

कागदावर हे किती विचित्र होऊन बसतं, याचा सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘जामा’ या नियतकालिकात दाखवलेला एक नमुना आहे. त्यांनी ७९ वर्षांची एक बाई कल्पिली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, फुप्फुसाचा जुना विकार, सांध्यांची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा. पाचही अगदी नेहमीचे आजार. मग प्रत्येक आजाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं तिला तंतोतंत लावली. तिला बारा औषधं घ्यावी लागली, दिवसाकाठी एकोणीस मात्रा, पाच वेगवेगळ्या वेळांना. त्यात पथ्य वेगळं, व्यायाम वेगळा, पायांची तपासणी वेगळी. आणि एका आजारासाठी दिलेला सल्ला दुसऱ्याच्या आड येत होता. मी हे वाचलं तेव्हा त्या कल्पित बाईचाच विचार करत राहिले. पाच वेळा गोळ्या घेऊन उरलेल्या दिवसात ती काय करत असेल? तिला कुणी भेटायला येत असेल तेव्हा तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असेल का? तिला पाच आजारांची नावं दिली होती. तिला काय आवडतं ते मात्र त्या तत्त्वांना विचारायचं नव्हतं.

ही तत्त्वं ज्या चाचण्यांवर उभी असतात, त्यांतही आत्यासारखी माणसं कमीच असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट’ या मोठ्या अमेरिकी चाचणीनं दाखवलं की वरचं बीपी १२०च्या खाली ठेवलं तर हृदयविकार आणि मृत्यू कमी होतात, पंचाहत्तरीपुढच्यांमध्येसुद्धा. महत्त्वाचा शोध आहे तो, मी त्याचं मोल कमी करत नाही. पण ज्यांना मधुमेह आहे किंवा आधी पक्षाघात होऊन गेलाय, त्यांना त्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. म्हणजे त्या चाचणीतला १२० हा आकडा आत्यापर्यंत पोचतो तेव्हा तिच्यासारख्या कुणाला न भेटताच पोचतो. साखरेचंही तसंच. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, आठ टक्क्यांच्या खाली असला तरी पुरे, असं अमेरिकन डायबिटिस असोसिएशनसुद्धा सांगते, कारण त्या वयात साखर जास्त असण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्यानं माणूस लवकर कोसळतो. आणि काही बीपीच्या गोळ्या साखर उतरतानाची धडधड दाबून टाकतात. धोक्याची सूचनाच गायब. आत्याच्या फायलीत मात्र साडेसहा हा आकडा होता आणि त्याच्याखाली शाबासकीची दुहेरी रेघ.

मला आजोबा आठवतात. त्यांना शेवटच्या काही वर्षांत ऐकू कमी येत होतं. आधी ते “काय?” विचारायचे, मग विचारणं बंद झालं आणि नुसते हसायचे. हसणं चुकीच्या जागी पडायचं. आम्ही मुलं त्यांच्याशी कमी बोलायला लागलो, कारण प्रत्येक वाक्य मोठ्यानं दोनदा म्हणायचा कंटाळा. ते माणसांत बसेनासे झाले, चालायला जाणं सुटलं, मांड्या बारीक झाल्या, खुर्चीतून उठताना दोन्ही हात रोवावे लागायला लागले. घरात सगळे म्हणायचे, “विसरायला लागलेत.” ते विसरत होते की त्यांना ऐकूच आलेलं नसायचं, हे आता कळायला मार्ग नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टींची यादी दिली. त्यात ऐकू कमी येणं आहे, उपचार न झालेली अधू नजर आहे, नैराश्य आहे, एकटेपण आहे, मधुमेह आणि रक्तदाब आहे, हालचाल कमी होणं आहे. यादी चौदा जिनसांची असली तरी मला तिच्यात एकच माणूस दिसतो, खुर्चीत बसलेला, चुकीच्या जागी हसणारा.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ताप नाही, खोकला नाही. हात कोमट, नखांखाली किंचित निळसर, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. दोन दिवस सगळ्यांनी “वय झालं” म्हणत काढले. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा न्यूमोनिया निघाला. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग असाच येतो पुष्कळदा, तापाशिवाय, खोकल्याशिवाय. भ्रमाच्या रूपानं, नाही तर तोल जाऊन पडण्याच्या रूपानं. सगळ्यात दुबळं जे असेल ते आधी ढासळतं, आणि आजार दुसरीकडेच असतो. आजोबा त्या वेळी बरे झाले. पण त्या अंथरुणातल्या काही दिवसांत पायांतलं जे बळ गेलं ते परत आलं नाही.

“वय झालं” या दोन शब्दांचा मला राग येतो. औषधांच्या अतिरेकाबद्दल एवढं लिहितेय, पण दुसऱ्या बाजूचा अन्याय तितकाच मोठा आहे. म्हातारी माणसं पडतात, मनगट मोडतं, प्लास्टर लागतं, निघतं. आणि हाड ठिसूळ झाल्यामुळं मोडलं होतं, त्यावर उपचार हवेत, हे राहूनच जातं. नैराश्य असेल तर “या वयात असं वाटणारच” म्हणून सोडून दिलं जातं. दुखणं तर गृहीतच धरलेलं. म्हणजे एकाच बाईला नको असलेल्या चार गोळ्या मिळतात आणि हवी असलेली एक मिळत नाही. आयर्लंडच्या डॉक्टरांनी २००८ साली वृद्धांच्या औषधांसाठी स्टॉप आणि स्टार्ट अशा दोन याद्या शेजारी शेजारी केल्या, काय थांबवायचं आणि काय सुरू करायचं. दुसरी यादी त्यांना करावीशी वाटली, याचं मला फार बरं वाटलं.

या सगळ्याच्या मुळाशी मला मार्जरी वॉरेन या ब्रिटिश डॉक्टर दिसतात. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्यांच्याकडे शेजारच्या, गरिबांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहाच्या दवाखान्यातल्या शेकडो अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची जबाबदारी आली. असाध्य म्हणून ओळीनं निजवून ठेवलेली माणसं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासायला घेतलं, प्रत्येकाचं सगळं, डोक्यापासून पायापर्यंत. कुणाला काय काय झालंय, त्यातलं काय सुधारतं, कोण उठून बसू शकेल. कित्येक जण उठले, चालले, काही तर घरी गेले. यात कुठलंही नवं औषध नव्हतं. वृद्धवैद्यक नावाची शाखा उभी राहिली त्यात या कामाचा मोठा वाटा होता. या शाखेत आजही सर्वांगीण तपासणी हाच कण्याचा भाग आहे: आजार, औषधं, चालणं, तोल, नजर, कान, मन, स्मृती, घरात कोण आहे, आणि माणसाला स्वतःला काय हवंय. याला वेळ लागतो. एका रुग्णाला पुष्कळ वेळ लागतो. दारापलीकडे रांग असते तेव्हा हा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकलं असतं, तर शेवटच्या माणसाला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं असतं. तरीही ते ऐकणारा कुणीतरी एक असायला हवा, आणि तो कोण हे ठरलेलं असायला हवं. हे काम नातेवाइकांवर ढकलणंही बरोबर नाही, कारण ज्यांना कुणी नाही अशा वृद्धांचं काय?

आत्याचा मुलगा, म्हणजे दादा, आणि मी मिळून तिला एका फिजिशियनबाईंकडे घेऊन गेलो. डबा, पिशवी, कापलेल्या पट्ट्या, झोपेचं सिरप, सगळं टेबलावर ओतलं. बाईंनी एकेक उचलून तिलाच विचारलं, “हे कशासाठी घेता?” तिला निम्म्यांचं सांगता आलं. मग तिला झोपवून बीपी घेतलं, आणि उभं करून पुन्हा. तीन मिनिटांत वरचा आकडा वीसनं उतरला तर ते लक्षणीय मानतात. तिचा त्याहून जास्त उतरला. मग फायली बाजूला सारून त्यांनी विचारलं, “आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?” आत्या बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं ती गुडघा म्हणेल. ती म्हणाली, “मला वाचायचंय. आणि रात्री कुणाला हाक न मारता उठायचंय.”

दुखण्याची गोळी बंद झाली. तिच्या जागी पॅरासिटामॉल, वर लावायचं जेल आणि मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम. सूज हळूहळू उतरली, तशी लघवीची गोळीही गेली. साखरेची एक गोळी कमी केली. बी१२ तपासलं, ते कमीच होतं, ते सुरू झालं. जेलनं गोळीइतका आराम पडत नाही, हे ती स्पष्ट सांगते, आणि व्यायामाचा तिला कंटाळा आहे. रात्री एकदा उठावं लागतं, क्वचित दोनदा.

आता वाद आहे तो पुढं काय, यावर. दादाचं म्हणणं, गुडघ्याची शस्त्रक्रिया आत्ताच करून घ्यावी, वय वाढेल तसं अवघड होईल. त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आत्याचं म्हणणं, आधी डोळा. मी तिच्या बाजूनं आहे, आणि त्याला आधारही आहे: सत्तरीपुढच्या स्त्रियांवर नॉटिंगहॅममध्ये झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लवकर काढला त्यांचं पडण्याचं प्रमाण वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे मोतीबिंदू काढला तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चालायला शिकतानाही डोळा उपयोगी पडेल. दादानं हे ऐकून घेतलं, पण त्याला पुरतं पटलेलं नाही. आत्यानं मात्र तारीख घेऊन टाकली आहे. त्याआधी साखर, बीपी आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन पुन्हा बघायचं आहे. तिला हाक मारली की ती अलीकडे दुसऱ्या हाकेला वळते. फिजिशियनबाईंना मी या वेळी कानांचंही विचारणार आहे.